मी नव्या मॅनेजरच्या बाजूची

तुमच्या गावचा फुटबॉल क्लब परवा पुन्हा हरला आणि इथे जालन्यात दोन म्हाताऱ्यांचा चहा कपातच गार झाला. एक तुमचे आजोबा, दुसरे शेजारचे भाईजान. दोघांनी मिळून निकाल दिला, "त्याच्या वेळी असं झालं नसतं." त्याच्या म्हणजे कोणाच्या, हे आमच्या घरात आता विचारावं लागत नाही. मे महिन्यात क्लब सोडून गेला तो जुना मॅनेजर.

मी नव्याच्या बाजूची आहे. थोरलीने फोनवर विचारलं होतं, "आजी, तुला तो कसा काय आवडतो? किती बोअर आहे तो!" तेव्हा मी विषय बदलला. आता लिहून सांगते. तुम्हाला देवनागरी भरभर येत नाही, तेव्हा हे तुमचे बाबा वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. त्यांनी मधलं काही गाळू नये.

क्लब आमच्या घरात आणला तो तुम्हीच. त्याआधी रविवारचा फोन माझा असायचा. मी तुम्हाला गोष्ट सांगायची, तुम्ही मला शाळेतलं सांगायचात. आजोबा शेवटी फोन घेऊन "अभ्यास करा, सर्दी जपा" म्हणत आणि परत देत. मग तुम्ही त्यांना सामने बघायला लावलेत. तुमच्या बाबांनी इथे सुट्टीवर आले असताना टीव्हीला काय काय जोडून दिलं. भाईजान तरुणपणी जुन्या जालन्याच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळलेले, त्यामुळे ते पहिल्याच शनिवारी चपला दारात काढून आत आले आणि सोफ्याचा डावा कोपरा त्यांचा झाला तो आजतागायत. रविवारचा फोन आजोबांच्या कानाला लागला. मला शेवटी मिळायचा, आणि तुम्ही "आजी, सर्दी जप" म्हणायचात.

ते मी सोसलं असतं. पण मधे तो मॅनेजर होता.

दिसायला तो काही विशेष नव्हता. लोकरीची टोपी, चुरगळलेला कोट, दाढी करायला विसरल्यासारखा. सामना संपला की मैदानात शिरून प्रत्येक खेळाडूला मिठी मारायचा, जिंकोत की हरोत. पाणी आणून देणाऱ्या माणसालाही मारायचा. तुमचे आजोबा ते बघत राहायचे. धावड्याच्या शेतकरी घरातला माणूस, उभा जन्म बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांमध्ये घालवलेला. तुरीच्या शेंगेला त्यांनी जितक्या हळुवारपणे हात लावला तितका माणसाला लावलेला मी पाहिला नव्हता. आमचं लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा माहेरी हैदराबादला निघाले, तेव्हा स्टेशनवर त्यांनी माझ्या हातात तिकीट ठेवलं आणि म्हणाले, "वरच्या कप्प्यात ठेव." एवढाच निरोप.

आणि एका शनिवारी तुमचा क्लब शेवटच्या मिनिटाला जिंकला, तर या माणसाने उठून भाईजानना कडकडून मिठी मारली! भाईजानचा चष्मा पडला. "अरे हळू, पसल्या तोडून राह्यले का माझ्या?" असं ओरडत तेही हसत होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. मला त्या टोपीवाल्याचा हेवा वाटला. शुद्ध हेवा. मला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते हा परदेशी माणूस टीव्हीतून करून गेला.

त्यात आणखी एक काम माझ्याकडे होतं. टीव्हीवरचं इंग्रजी दोघांनाही नीट कळत नाही. मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे इथे मुलींच्या शाळेत इंग्रजीच शिकवलं. त्यामुळे मॅनेजर बोलायला लागला की आवाज वाढवायचा आणि "अगं, काय म्हणून राह्यला तो?" अशी हाक स्वयंपाकघरात यायची. मी पदराला हात पुसत यायची आणि वाक्यामागे वाक्य मराठीत सांगायची. त्याचं शेवटचं भाषणही मीच सांगितलं. तो मैदानाच्या मधोमध उभा होता. म्हणाला, मी इथे आलो तेव्हा बेकरीवाली बाई माझ्याकडून पावाचे पैसे घ्यायची, आता घेत नाही, म्हणून मी तिच्या दुकानात जायचं बंद केलंय. लोक हसले. मग म्हणाला, तुम्ही मला इतकं दिलंत की आता मी गेलेलंच बरं, नाहीतर मला त्याची सवय होईल.

मी ते सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे नाही. तुमचे आजोबा रडले. भाईजान रुमाल शोधत म्हणाले, "भाभी, क्या बात बोला! एकदा अजून सांगा." मी अजून एकदा सांगितलं. माझ्याच तोंडून त्याची आरती दोनदा झाली.

मनात म्हटलं, जातोय ना? जाऊ दे. आता रविवार मला परत मिळेल.

कुठला मिळतो! तो क्लबमध्ये होता तोवर निदान कधीतरी चुकायचा, चुकीचा खेळाडू उतरवायचा, भाईजान त्याला दोन शिव्या द्यायचे. गेल्यावर त्याच्या चुका कोणालाच आठवेनात. फोनवर तुम्ही तिकडून आणि हे दोघं इकडून नुसत्या आठवणी काढत बसायचात. तो पावसात छत्री कसा घेत नसे. तो हरलेल्या संघाच्या मॅनेजरला कसा स्वतः जाऊन भेटे. धाकट्याने तर सांगून टाकलं की नवा माणूस टाळ्यासुद्धा नीट वाजवत नाही.

नवा माणूस आला होता. बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. मिठ्या मारत नाही, मान हलवतो. तो बोलायला लागला की आमच्याकडे एक जण हात धुवायला उठे, दुसरा गॅलरीत जाई. त्याचं बोलणं कोणी मला विचारलंच नाही. त्यामुळे आमच्या घरात त्याचं ऐकलं ते फक्त मी. तो चांगलं बोलतो, पोरांनो. जुन्याचं नाव आलं की दर वेळी मान देऊन बोलतो. एकदा त्याला एका पत्रकाराने विचारलं, तुमच्या आधीच्या माणसासारखं लोकांचं प्रेम तुम्हाला कधी मिळेल असं वाटतं का? तो म्हणाला, मी सकाळी लवकर येतो, काम करतो आणि घरी जातो.

मी तेव्हा गव्हातले खडे निवडत होते. हात तसाच राहिला.

आता तुम्हाला ठाऊक असलेलीच गोष्ट सांगते, पण माझ्या बाजूने. हॉलमध्ये जिचा फोटो आहे, जिला तुम्ही लहानपणापासून 'फोटोतली आजी' म्हणता, ती तुमच्या बाबांची जन्माची आई. तुमचे बाबा जेमतेम चालायला लागले होते तेव्हा ती तापाने गेली. मी नंतर आले. आमच्याकडे दुसरेपणाच्या नवरीने लग्न लागायच्या आधी पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा असतो. नखाएवढा पत्रा, त्यावर बाईचं चित्र उठवलेलं. मंगळसूत्राच्या आधी तो माझ्या गळ्यात पडला. मी शिकलेली मुलगी, पण वय उलटून चाललं होतं, वडील थकले होते. मी मान वाकवली.

सासूबाई चांगल्या होत्या. मला कधी टाकून बोलल्या नाहीत. फक्त मी काही रांधलं की म्हणत, "बरं झालंय. तिच्या हातचं निराळंच होतं." मी झाडलं तरी तिचं झाडणं निराळं. तुमच्या बाबांना मी पाढे शिकवले, गोवरात रात्री जागले, पण तो हसला की "अगदी तिचंच हसू". आणि तुमचे आजोबा शेजारी बसून मान हलवत. होकाराची मान. त्या मानेचा मला सगळ्यांत राग होता. आयुष्यभर मला एकच गोष्ट हवी होती. कधीतरी या माणसाने मला माझ्याच मापाने मोजावं, तिच्या मापाने नको. ते मागायचं कसं, हे ना इंग्रजी शाळेत शिकवलं, ना मराठी घरात.

तर ही नवमी. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. दर वर्षी तिच्या नावाने मीच घालते. पुरणपोळी, ओटी, खण. सवाष्ण म्हणून येतात त्या मंठ्याच्या जाऊबाई, आजोबांच्या चुलतभावाची बायको. त्यांनी तिला पाहिलेलं आहे, तिच्या पंगतीला बसलेल्या आहेत, आणि ते त्या विसरू देत नाहीत. यंदा नवमी आली सामन्याच्या दिवशी.

त्याच्या दोनच दिवस आधी आणखी एक झालं होतं. तुम्ही पार्सलमधून जुन्या मॅनेजरचं मोठं पोस्टर पाठवलंत ना? आजोबांनी ते बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे दिलं. एकट्या माणसाचा एवढा मोठा फोटो आमच्याकडे लोक एकाच कारणाने फ्रेम करतात. फ्रेमवाल्याने काही न विचारता वर चंदनाचा हार चढवून दिला. वरून पैसेही घेतले नाहीत, दुःखाचं काम म्हणून.

"अहो, तो माणूस जिवंत आहे," मी म्हटलं. "हार काढा."

"वास चांगला येऊन राह्यला," आजोबा म्हणाले.

भाईजानचं मत, "कारागिरानं मोहब्बतीनं घातला, भाभी. बिलकुल काढू नका."

हॉलमध्ये मोकळा खिळा एकच होता, तिच्या फोटोच्या शेजारी. तिथे तो लागला. दोघं हार घालून शेजारीशेजारी, दोघंही हसणारे. त्यांच्या खालून ये-जा करायची ती मी.

नवमीला जाऊबाई आल्या, पाय धुऊन आत आल्या आणि भिंतीपाशी थबकल्या. पदर डोक्यावर घेऊन त्यांनी आधी तिला नमस्कार केला, मग त्याला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, हे कधी झालं? कळवलं न्हाई ते! तुझ्या माहेरचे का?"

"माझ्या माहेरचे असते तर हॉलमध्ये लागले असते का?" मी म्हटलं आणि पान वाढायला गेले.

जेवताना त्यांनी पोळी मोडली, तुपात बुडवली, डोळे मिटून चावली. मी वाट बघत होते. "चांगली झाली," त्या म्हणाल्या. "पण काय सांगू तुला, तिची पोळी! ताटात ठेवली की आपसूक फुटायची." ताटाच्या पलीकडे तुमचे आजोबा बसले होते. त्यांची मान हलली.

संध्याकाळी सामना सुरू झाला. भाईजान आपल्या कोपऱ्यात, आजोबा खुर्चीत. जाऊबाईंची मंठ्याची बस उशिराची होती, त्याही तोंडात सुपारी धरून बसल्या. मी दारात. तुम्ही पाहिलाच असेल तो सामना, नाही का? थोरलीने पाहिला नसेल, तिने तो गेल्यापासून बघायचंच सोडलंय. अर्ध्या वेळेआधीच तुमचा क्लब मागे पडला. आणि मग गॅलरीतले लोक गाऊ लागले. आपल्याच मैदानावर, आपल्याच संघाचे लोक, गेलेल्या मॅनेजरचं गाणं. सगळे हात वर करून. कॅमेरा नव्या माणसाकडे गेला. तो रेघेपाशी उभा होता, हातात तो कागद. त्याने वर पाहिलं नाही. कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

भाईजानचे डोळे भरले. "सुनो भाभी, सुनो! लोगां कैसे गा रहे. भुलले न्हाईत त्याला."

"कसे भुलतील?" आजोबा म्हणाले. "तसा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई. हा आपला नुसता जागा भरायला आलेला."

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी एवढ्या मोठ्याने बोलले की जाऊबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला.

"तो उभा आहे ना तिथे! त्याला कान नाहीत का? एकदा तरी कोणी त्याला बरं म्हटलंय? रोज सकाळी उठून तो त्याच पोरांना शिकवतो, त्यांचे दुखरे पाय बघतो, पडलं-झडलं निस्तरतो, आणि तुम्ही गाणी गाता त्याची जो निघून गेला! निघून जाणं सोपं असतं. गेलेल्याची पोळी कधी करपत नाही!"

टीव्हीतलं गाणं चालूच होतं. भाईजान गोंधळले. "पोळी? भाभी, कुणाची पोळी?"

जाऊबाईंनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "भाईजान, तुम्ही उगी राहा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "बाई, तू फुटबॉलचं बोलून राह्यली का माझं?"

आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. भाईजान उठले, "चलो, नमाज का वक्त हो गया," म्हणाले आणि चपला घालून गेले. नमाजाला वेळ होता. चांगला माणूस आहे, कधी उठावं हे त्याला कळतं.

आजोबा जाऊबाईंना स्टँडवर सोडून आले तेव्हा मी पुरणयंत्र घासत होते. जाळीत डाळीचे कण अडकतात, ते काडीने काढावे लागतात. आजोबा स्वयंपाकघरात सहसा येत नाहीत. आले आणि डब्यांच्या फळीपाशी उभे राहिले.

"मी तिच्या हातची पोळी किती वेळा खाल्ली असंल?" ते म्हणाले.

"मला काय विचारता?"

"मी बदनापूरला खोलीत राहायचो. ती धावड्याला, आईपाशी. महिन्या-दोन महिन्यांनी मी जायचो, ते बी सणाला बराबर गेल्तो असं न्हाई. मंग बाळंतपणाला ती माहेरी गेल्ती. मला तिची पोळी आठवत न्हाई."

मी काडी खाली ठेवली. "आठवत नाही म्हणजे?"

"न्हाई आठवत. तिचा आवाज बी नीट आठवत न्हाई आता. जे आठवतं ते आईनं सांगितलेलं, न्हाईतर या वहिनीनं."

"मग इतकी वर्षं मान कशाला हलवत होतात?"

"मंग काय करायचं? आई मेलेल्या पोरीचं चांगलं बोलून राह्यली, तिला न्हाई म्हणू? आणि पोराला तिचं काहीतरी पाहिजे ना. मला आठवत न्हाई हे त्याला कसं सांगू?"

हे तुमच्या बाबांनी आता वाचलं. वाचू दे. त्यांच्या वडिलांना मी विचारलं आहे, लिहू का म्हणून. ते म्हणाले, लिही.

तुम्हाला वाटेल, आजीचा हेवा त्या क्षणी संपला. मलाही वाटलं होतं तसं व्हावं. उलट मला भयंकर राग आला. ज्या पोळीवर मी आयुष्यभर जळले ती या माणसाने धड खाल्लीसुद्धा नव्हती! आणि हेवा? तो नवा आला, निराळाच. टोपीवाल्याने पाच सालांपूर्वी पत्रकाराला काय उत्तर दिलं ते यांना शब्द न् शब्द पाठ, आणि घरातल्या दोन बायकांपैकी एकीचा आवाज आठवत नाही. मी उद्या गेले तर माझं काय आठवेल? तेही जाऊबाईच सांगणार का?

म्हणून मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ विचारलं. "आणि माझी पोळी? ती आठवते का, की तीही कोणी सांगितलेली?"

मला वाटलं, आता "चांगली असते" म्हणतील आणि बाहेर जातील. ते विचारात पडले नाहीत.

"तुझ्या पुरणात जायफळ जास्त असतं," ते म्हणाले. "दर साल. लग्न झाल्यापासून."

"कोणापेक्षा जास्त?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "कोणापेक्षा म्हंजे? जास्त म्हंजे जास्त."

ते खरोखर वाट बघत होते, मी काय विचारते आहे ते समजावं म्हणून. मी डबा उघडला, उरलेली अर्धी पोळी बशीत घातली आणि त्यांच्यापुढे ठेवली. उभ्याउभ्याच त्यांनी खाल्ली, तोंड जरासं वाकडं करत, जायफळ लागलं तसं.